काकांचा डावा पाय

क्लचकाका दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा डावा पाय गप्प बसायचा नाही. चालवणाऱ्याने गिअर बदलायच्या आधीच तो रिकाम्या जागी दाबला जायचा. "मला कुणाच्या गाडीत झोप लागत नाही," ते म्हणायचे, "हा डावा चौकीदारी करतो." बिर्लानगरच्या मिलमध्ये ते फिटर होते. मिल बंद पडल्यावर पाटणकर बाजारामागच्या गल्लीत त्यांनी गॅरेज टाकलं. खरं नाव फक्त लाईटबिलावर असायचं.

मी त्यांच्याकडे गेले ती रडकुंडीला येऊन. हे गेल्यावर सहा महिने गाडी दारात उभी होती. एक दिवस हट्टाने किल्ली घेतली, तर गाडी प्रत्येक चौकात बंद! गिअर टाकताना अशी करकर, की लोक वळून बघायचे. मुलगा म्हणाला, "आई, छोड़ो ना, तुला नाही जमणार. रविवारी गिऱ्हाईक येतंय, बेच देते हैं." मेली एवढी एक यांची वस्तू, तीही जायची? शनिवारी तशीच धक्के खात मी गॅरेज गाठलं.

काकांनी बॉनेटला हातही लावला नाही. "वहिनी, चप्पल काढा आणि पेडल दाबा." ही त्यांची पद्धतच. मोठा अफसर आला तरी त्याला बूट काढायला लावायचे. माझा पाय काही तळापर्यंत पोहोचेना. काका हसले. "गाडी ठीक आहे, तुम्हीही ठीक आहात. हा क्लच साहेबांच्या पायाचा आहे, मीच त्यांना लावून दिलेला. ते सहा फुटी, तुम्ही एवढ्याशा! पार खाली दाबल्याशिवाय सुटत नाही, मग गिअर ओरडणारच की."

पाना घेऊन ते केबलचा नट फिरवायला वाकले आणि थांबले. "वहिनी, फिरवू ना?"

मला रडूच फुटलं. यांच्या पायाची तेवढी खूण उरली होती, आणि ती मी पुसायला सांगत होते. काका पाना धरून उभे राहिले. शेवटी मीच म्हटलं, "फिरवा."

पेडल वर घेतलं तरी बोटभर ढील त्यांनी ठेवलीच. "ओढून कसलं की प्लेट जळते. आणि उगाच पाय ठेवून बसायचं नाही, काम झालं की सोडायचं." गाडी स्वतः चालवून बघितली नाही. शेजारी बसले. "पाय तुमचा, चालवा तुम्ही." मी चालवली. त्यांचा डावा पाय रस्ताभर माझ्याबरोबर दाबत होता.

रविवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा गाडी दारात नव्हती. मी ती घेऊन भाजीला गेले होते.

यंदा काकांनी गॅरेज बंद केलं आणि मुलीकडे इंदूरला जायला निघाले. स्टेशनवर सोडायला मीच गेले. पुलाच्या चढावर जाम लागला. पुढे टेम्पो, मागे ट्रक. पाऊलभर सरकायचं की पुन्हा थांबायचं. आता काका काहीतरी टोकतील म्हणून मी वाट बघत होते. आवाज नाही म्हणून वळून पाहिलं.

काका चक्क गाढ झोपले होते. डावा पाय निवांत पसरलेला.

जाम सुटला. मी क्लच अगदी हळू सोडला, त्यांची झोप मोडू नये म्हणून.