एका कान्याचा फरक

“हलू नकोस. थेंब गालावर जातोय.”

“मी नाही हलत, तुझाच नेम चुकतोय,” खुर्चीत मान मागे टाकून बसलेली आई म्हणाली. “आणि एवढं काय आकाश कोसळलं? ‘ते’ म्हणाले मी. आदरानं बोलले.”

“बाईमाणसाला आदरानं ‘त्या’ म्हणतात, आई.”

“तेच ते.”

“तेच ते नाही. वरच्या मजल्यावरची बाई मला लिफ्टमध्ये गाठून विचारते, ‘तुमचे ते कसे आहेत? गाडी शिकवतात म्हणे. बरंच लपवून ठेवलंत की हो!’ मी काय सांगायचं तिला?”

“बरे आहेत म्हणायचं. बरे नाहीत का?”

ताईनं दुसऱ्या डोळ्याची पापणी ओढली आणि थेंब टाकला. डॉक्टरांनी थेंबांनंतर थोडा वेळ डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. आईला भांडायला ही वेळ फार सोयीची. समोरच्याचं तोंड बघावं लागत नसे.

“दर रविवारी ती तुला गाडीतून उतरताना बघते,” मिटल्या डोळ्यांनी आई पुढे बोलू लागली. “शेजारी स्टिअरिंगवर कापलेले केस, शर्टपँट, डोळ्यांवर काळा चष्मा. तिला पुरुषच वाटला. मी आपण होऊन काही सांगितलं नाही. फक्त ‘नाही’ म्हटलं नाही. मी झाकते म्हणून झाकलेलं आहे, एवढं लक्षात ठेव.”

ताईनं बाटलीचं झाकण लावलं. एरवी ती आणखी दोन वाक्यं बोलली असती. आज तिला ती सुचली, पण उचलून आणायचा कंटाळा आला. ती आपल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली.

आई, धाकटा भाऊ, भावजय आणि ती असं चौघांचं घर. ताई सत्तेचाळिशीची. लग्न केलं नाही, ते का, हे विचारायचं सगळ्यांनी कधीचं सोडून दिलं होतं. परदेशी चित्रकथा आपल्या भाषेत छापणाऱ्या एका प्रकाशनात ती अक्षरं बसवायचं काम करायची. पात्रांच्या तोंडाजवळ बोलण्याचे फुगे असतात, त्यांतली मूळ अक्षरं पुसायची, खालचं चित्र भरून काढायचं आणि अनुवादकानं दिलेलं वाक्य त्यात कोंबायचं. कोंबायचंच. जपानी चित्रकथांतले फुगे उभे आणि निरुंद, कारण ते लोक वरून खाली लिहितात. आपले शब्द आडवे वाढणारे. त्यामुळे वर्षानुवर्षं ती माणसांचं बोलणं कमरेत आवळत आली होती. भाऊ तिला ‘फुगेवाली’ म्हणायचा. आधी गमतीनं, मग सवयीनं.

सध्या तिच्या टेबलावर होती ती दोन बायकांची गोष्ट. दोघी चाळिशीच्या आतबाहेरच्या, एका धुलाईच्या दुकानात कामाला. पहिल्या दोन भागांत फारसं काही घडतच नाही. दोघी मोठ्या चादरी घडी घालतात. चादरीची दोन टोकं धरून समोरासमोर उभ्या राहतात, घडी घातली की एकमेकींजवळ येतात, कोपरे हातात देतात, पुन्हा लांब जातात. तिसऱ्या भागात एक जण कोपरे देते आणि लांब जात नाही. ताईला ते पान आवडलं होतं. कुणी सुंदर नाही, कुणी रडत नाही, दोघींचे हात साबणानं खरखरीत झालेले.

सोमवारी संपादकानं तिला बोलावलं.

“वितरक म्हणतो, हे दुकानदार पुढे मांडणार नाहीत. ती आखूड केसांची आहे ना, तिला आपण पुरुष करू.”

“चित्रात?”

“छे, चित्राला हात लावायची परवानगी नाही. बोलण्यात. ‘करते’चं ‘करतो’, ‘आले’चं ‘आलो’. एक काना वाढवायचा, बाई. एवढं काय त्यात?”

“आणि छाती?”

“एप्रन आहे ना वर.”

ताई हसली नाही. तिनं मान डोलावली आणि जागेवर येऊन बसली. काम लवकर उरकावं म्हणून तिनं मशीनलाच सांगितलं, जिथे जिथे ‘ते’ असेल तिथे ‘तो’ कर. मशीननं केलं. दुसरी बाईही पुरुष झाली. ‘रस्ते’चं ‘रस्तो’ झालं. ‘आपले हे नाते’ होतं, त्याचं ‘आपले हे नातो’ झालं. मुद्रितं तपासणारी शेजारीण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, “अगं, दोघांनाही मिश्या फुटल्या की!” ताईही हसली. मग सगळं मागे घेऊन एकेक फुगा उघडायला लागली. ‘म्हणते’, ‘म्हणतो’. ‘दमले’, ‘दमलो’.

आज दुपारी ती त्या पानावर आली. आखूड केसांची बाई कोपरे हातात देऊन तिथेच उभी राहते आणि म्हणते, “मी थकले. आता इथेच थांबते.” फुगा एवढासा. ताईनं ‘थकलो’ केलं तर काना फुग्याच्या कडेला जाऊन टेकला. अक्षर लहान केलं, तर ते वाक्य कुणीतरी खोलीबाहेरून बोलल्यासारखं दिसायला लागलं. तिनं बराच वेळ त्या कान्याकडे बघितलं. मग होतं तसं करून ठेवलं आणि घरी आली. तर लिफ्टमध्ये वरची बाई.

ज्यांना आईनं ‘ते’ केलं होतं, त्या मास्तरीणबाई गाडी शिकवायच्या. ताई त्यांच्याकडे अडतिसाव्या वर्षी शिकायला गेली होती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असतो. तो दाबून दाबून मास्तरीणबाईंना अशी सवय लागली होती, की कुठल्याही खुर्चीत बसल्या तरी कुणी घाईनं बोलायला लागलं की त्यांचा पाय खाली जायचा. “तुम्ही आरशात फार बघता,” पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, “आणि त्यात मागचा रस्ता नसतो, मी असते.” ताईचे कान तापले होते. परीक्षेत ती दोनदा नापास झाली. दुसऱ्यांदा गाडी फुटपाथवर चढली तेव्हा मास्तरीणबाईंनी इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, “रडू नकोस. उतर, चहा पिऊ.” तो पहिला एकेरी शब्द. ताईनं परवाना कधीच काढला नाही. गरज पडली नाही.

आता दोघींचं सगळं प्रेम रविवारात मावत होतं. दुपारी मास्तरीणबाईंच्या खोलीवर जायचं, त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला मलम चोळायचं, एका चादरीखाली पाठीला पाठ लावून झोपायचं. जाग यायची तेव्हा बहुतेक वेळा दोघींची तोंडं एकमेकींकडे वळलेली असत. मग चहा, मग गाडी, मग घर.

गेल्या रविवारी गाडी घराखाली उभी करून मास्तरीणबाई म्हणाल्या, “माझी इमारत पाडणार आहेत. गॅरेजच्या वर दोन खोल्या बघितल्यात. एकटीला मोठ्या आहेत, फुगेबाई. दोघींना पुरतील. मालकाला बुधवारी सांगायचंय.”

“बघू,” ताई म्हणाली.

“तुझं बघू म्हणजे आरशात बघणं. पुढे कधी बघणार? मी एकटी असेन तर लांबची एक खोली घेईन. मग रविवारही जमेल न जमेल.” त्या रागावल्या नव्हत्या. दमल्या होत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून माणूस दमतोच.

आज बुधवार होता. पलंगाशेजारी पडलेल्या फोनवर संदेश होता : मालक थांबलाय. काय सांगू?

“ताई, जेवायला चला,” भावजयीनं हाक मारली.

जेवताना भावानंच विषय काढला. आईनं त्याच्या कानावर घातलेलं होतंच.

“अगं फुगेवाले, एका शब्दाचं काय एवढं? आम्ही तुला कधी काही बोललो का?”

“नाही,” ताई म्हणाली. खरंच कुणी बोललं नव्हतं. जिथे बोलायचं होतं तिथेही नाही.

“मी तर पहिल्यापासून ओळखलंय, ताई,” भावजय भात वाढता वाढता म्हणाली. “पण म्हटलं, आपण कशाला तोंड उघडा.”

“झालं तर मग,” भाऊ म्हणाला. “आता ‘ते’ आहेत तर असू देत ‘ते’. फक्त त्यांना सांग, दारापर्यंत नको, कोपऱ्यावर सोडत जा. वरची बाई हळूहळू विसरेल.”

“ती कसली विसरते! ती विचारणार, लग्न कधी,” आई म्हणाली.

“मग बदली झाली म्हणू. लांब कुठेतरी.”

“गाडी शिकवणाऱ्याची कुठे बदली होते का रे?”

“धंदा बंद केला म्हणू.”

“त्यापेक्षा वारले म्हणावं,” आई घास घेत म्हणाली. “वारले म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. उलट हिला चार दिवस जरा मान मिळेल.”

भावजयीला हसू फुटलं. भावालाही. एक क्षण ताईलाही हसू आलं, कारण आई ते इतक्या व्यवहारी सुरात बोलली होती, जसं उरलेल्या भाजीचं काय करायचं ते ठरवावं. मग ताईच्या डोळ्यांसमोर मास्तरीणबाई आल्या. या वेळी कुठल्यातरी चौकात, घाबरलेल्या कुणाशेजारी बसलेल्या, दुखरा पाय ब्रेकवर. त्यांना माहीतही नव्हतं, की इथे ताटावर बसून त्यांचं सगळं उरकून झालंय.

ताईला राग आला नाही. राग यायला थोडी ताकद लागते. तिला फक्त वाटलं, हे एकेका फुग्यात शिरून काना वाढवत बसणं आता आपल्याच्यानं होणार नाही. ना ऑफिसात, ना घरात.

तिनं डाव्या हातानं फोन ओढला. दोन शब्द लिहिले, हो सांग, आणि फोन पालथा ठेवला. उरलेला भात संपवला. पाणी प्यायली.

“एक तारखेपासून मी राहायला जातेय,” ती म्हणाली.

“कुठे?” भावानं विचारलं.

“गॅरेजच्या वर दोन खोल्या आहेत. तिथे. तिच्याबरोबर.”

भावजयीच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. आईनं डोळे उघडे होते तरी मिटल्यासारखे केले. “कुणाबरोबर म्हणालीस?” तिनं विचारलं, ऐकू आलं असूनही.

“तिच्याबरोबर. वरच्या बाईला मीच सांगेन, तुला त्रास नको. कपाट इथेच ठेवते, तुम्हाला वापरायला होईल. संध्याकाळी थेंब घालायला येत जाईन.” ताईनं ताट उचललं. “ती सोडेल मला. दारापर्यंत.”