पेठकडच्या बंद गिरणीपर्यंत

गेले काही महिने टाळलेला प्रवास मागच्या शनिवारी एकदाचा केला. सहलीला नाही, माफी मागायला. तरी पेठकडे जायचा तुमचा विचार असेल तर वाचा, रस्ता फार सुंदर आहे.

नाशिकहून सकाळची एसटी पकडा, बायकांना अर्धं तिकीट. सावळघाटात खिडकी सोडू नका. करंजाळीला गाडी थांबली तर गरम भजी खा. मी नाही खाल्ली. पेठहून पुढे जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही.

आता माझी भानगड सांगते. भूकंपाच्या नोंदी तपासणं हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका पाड्यावर मांडणीवरची भांडी आपोआप वाजायची, म्हणून आम्ही शाळेत यंत्र बसवलं. मी घाईघाईने अख्ख्या आठवड्याची नोंद एकदम घेतली आणि तिच्यात कोणत्या वेगाची कंपनं आहेत ते काढलं. सगळीकडे गावातल्या पिठाच्या गिरणीचीच कंपनं! झालं, बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, ग्रामसभेत माइकवर ठणकावलं, "भूकंप वगैरे काही नाही, गिरणीचे हादरे आहेत." गिरणीवाल्या काशिनाथभाऊंची बायको हिराबाई मागून म्हणाली, "बाजाराच्या दिशी गिरणी बंद आसती ताई, तवाबी भांडी वाजत्यात." मी नुसती हसले. महिन्याभरात गावाने गिरणी बंद करायला लावली.

यंदा तीच नोंद वेव्हलेट पद्धतीने पाहिली. हिच्यात कंपन कोणतं एवढंच नाही, ते कोणत्या क्षणी उठलं आणि कधी विरलं तेही दिसतं. चित्रात गिरणीचा पट्टा तासन्‌तास सरळ आडवा. मधूनमधून उभ्या रेघा, काही सेकंदांत विझलेल्या. बाजाराच्या दिवशी पट्टा गायब, रेघा मात्र होत्याच. जमिनीचेच लहान लहान धक्के ते. फुटले होते का माझे डोळे!

शनिवारी मी पोचले तेव्हा काशिनाथभाऊ ओट्यावर बसले होते. मी चित्राचा कागद पुढे धरला, सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी कागद पाहून परत दिला.

"आमाला ठावं व्हतं, ताई. गिरणी बंद झाली तरी भांडी वाजलीच की."

"मग गावाने परत सुरू का नाही करू दिली?"

"शिकलेल्या बाईनं माइकवर सांगितलेलं. आमचं कोन ऐकतो?" मग हळूच म्हणाले, "आज सांजच्याला देवळात भजन हाय. माइक आसतो. तसंच सांगाल का?"

हिराबाई म्हणाली, "ऱ्हावा की आजची रात."

शेवटची जीप चारला होती. मी म्हणाले, "पुढच्या ग्रामसभेला नक्की येते." भाऊ "या" म्हणाले. खरं सांगू? मला राहता आलं असतं. पण सगळ्या गावासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. निघताना हिराबाईने नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ पिशवीत बांधून दिलं, घरच्या जात्यावर दळलेलं.

घरी भाकरी केली. दाताखाली कचकच लागली, जात्याला नुकतीच टाकी लावली असावी, टाकलेल्या दगडाची कच पिठात उतरली होती. नवऱ्याने ताट बाजूला सरकवलं. मी माझी आणि त्याचीही भाकरी संपवली.

घाट बघायला जरूर जा. मलाही परत जायचंय. पण ग्रामसभा कधी आहे, हे विचारायला मी अजून फोन केलेला नाही.