अंगावर घेतलेला अपघात

सारसोळ्याच्या वळणावरचा तो अपघात अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नव्वदच्या दशकात मी नेरूळ भागात उपनिरीक्षक होतो. सकाळी जाळं घेऊन खाडीकडे निघालेल्या एका कोळ्याला गाडीने उडवलं. पाय गुडघ्याखाली चिरडला. गाडी पळाली. दुसऱ्या दिवशी त्या कोळ्याच्या सारसोळे गावातलाच एक टेम्पोवाला ठाण्यात हजर झाला. ठोकर मीच दिली, गुन्हा लिहून घ्या, म्हणाला. इस्पितळात जखमीनेही तसाच जबाब दिला.

आरोपी आपल्या पायांनी आला की ठाण्यात सगळ्यांना हायसं वाटतं. माझा स्वभाव मात्र संशयी. पंचनाम्यात फुटलेल्या हेडलाइटची काच होती आणि टेम्पोचे दोन्ही दिवे शाबूत. त्यातच खबऱ्याने कानावर घातलं, की नेरूळच्या एका सोसायटीत अपघातापासून एक मोटार कव्हर घालून उभी आहे, जागची हललेली नाही. आम्ही कव्हर काढलं. पुढचा दिवा फुटलेला होता. काच तंतोतंत जुळली.

टेम्पोवाल्याला पुन्हा समोर बसवलं. दम दिला, चहा पाजला; गडी ढिम्म. मोटार सापडल्याचं सांगितलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "साहेब, माज्या टेम्पोचा इन्शुरन्स हाय, त्या मोटारीचा नाय. मी आत गेलो तरी चालंल, पन पाय चिरडलेल्याच्या पोरांना भरपाई भेटंल."

मोटारवाला हात जोडत गावात आला होता आणि गावाने बैठक घेऊन हे ठरवलं होतं. तो साधा नोकरदार, नव्या फ्लॅटच्या हप्त्यांनी बेजार. गाडी रविवारीच काढतो, विमा नंतर भरू, असं म्हणत त्याने मुदत उलटू दिली होती. माझ्यासमोर तो ढसाढसा रडला. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

मी खरं तेच लिहिलं. खोटा आरोपी कोर्टात उभा करणं मला आजही जमणार नाही. पुढे न्यायाधिकरणाने मोटारवाल्याला भरपाई द्यायला सांगितलं, पण त्याच्याकडे देण्यासारखं होतं काय?

निकालानंतर जखमीची बायको ठाण्यात आली. भांडली नाही. म्हणाली, "साहेब, तुमी खरा लिवलाव. आता आमी खावाचा काय?"

मी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. 

पुढे नोकरीभर बघितलं, नाक्यावर गाडी अडवली की लोक विम्याचा कागद तोऱ्यात पुढे करतात, जणू तो पोलिसाला दाखवायलाच काढलाय. अरे बाबांनो, तो आमच्यासाठी नसतो. तो त्या बाईसाठी असतो.