इम्रानच्या खेळातली शिंगवाली बाई

जव्हारला आमच्या घरी एका मे महिन्यात भलतीच गंमत झाली. वीसेक वर्षं झाली असतील... पण अजून काल घडल्यासारखी आठवते, म्हणून आज लिहूनच टाकते.

माझा मामेभाऊ इम्रान मुंबईला इंजिनीअरिंग करत होता. सुट्टीला आला तो एका पुस्तकाच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणि चित्रविचित्र फासे घेऊन. म्हणे हा नवीन खेळ आहे... बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अडलं की फासा टाकायचा.

खेळायला मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण सुगंधा. ती मोखाड्याची, शिकायला जव्हारला मावशीकडे राहायची. तिने पहिल्याच झटक्यात तिरंदाज बाई निवडली.

मी पानं उलटत होते तर एका जमातीचं चित्र दिसलं... शिंगं, शेपटी, लाल कातडी. नाव टीफलिंग. पूर्वज सैतान, पण ही माणसं आपली साधीच. फक्त तोंड बघून लोक त्यांना लांब ठेवतात. मी म्हटलं, हीच मी होणार. मला वेगळी प्रॅक्टिस करायला नको!

कारण तेव्हा माझ्या तोंडाभोवती आणि हातांवर कोड उठलं होतं. चांगले ठसठशीत पांढरे डाग. आमचं बांगड्यांचं दुकान, आणि गिऱ्हाईक बायका माझ्या हातून बांगड्या भरून घ्यायला का-कू करू लागल्या, तेव्हा मी दुकानात बसणंच सोडलं.

त्याचंही एवढं नव्हतं हो. पण भाईजानला नुकतीच मुलगी झाली होती, झोया. घरातलं पहिलं बाळ... आणि मी तिला एकदाही घेतलं नव्हतं. मी खोलीत शिरले की भाभी तिला पाळण्यातून उचलून खांद्याशी धरायची. कोड लागत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण भाभीच्या माहेरून ताकीद होती. भाभी वाईट नव्हती, घाबरट होती. मग मीच त्या खोलीत जायचं बंद केलं.

तर खेळ सुरू झाला. अम्मीच्या कानावर सैतान हा शब्द पडला आणि आतून "तौबा तौबा" सुरू झालं... आम्ही फिदीफिदी हसतोय. भाभी तिथेच उंबऱ्याजवळ झोयाला मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती.

इम्रान मोठा रंगात आला. आम्ही एका गावाच्या वेशीपाशी पोचलो. लोकांनी माझी शिंगं पाहिली, धडाधड दारं लावली, आयांनी पोरांना पदराखाली लपवलं... आता तू काय करणार, सांग.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. म्हटलं, काय करणार, मी परत जाते.

इम्रान गडबडला. अगं, परत गेलीस तर खेळ संपला ना! मी खाली बघून झेरॉक्सची पानं चाळू लागले. डोळे भरून आले होते आणि ते दिसू नयेत एवढीच धडपड.

आणि सुगंधा भडकली! माझ्यावर नाही... इम्रानवर.

"ओ इम्रानभाई, असं कुठं गाव असतं का? राक्षस गावात आला आन् दारं लावली?"

त्यांच्या गावी बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा उत्सव असतो आणि त्यातलं राक्षसाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घरात आहे. तिचा काका दरवर्षी तो भलामोठा मुखवटा चढवून नाचतो. राक्षस दारात आला की बायका आरती घेऊन बाहेर येतात. तान्ही पोरं त्याच्या पायावर घालतात, म्हणजे पोर पुढे कशाला भीत नाही. तिच्या लेखी गावात राक्षस आल्यावर करायचं ते हेच, दुसरं काही असूच शकत नाही.

इम्रान म्हणाला, पुस्तकात तसं नाही. ती म्हणाली, पुस्तकवाल्याला आमच्या मोखाड्याला पाठव. मग तिने जाहीर केलं की मी माझं बाळ घेऊन वेशीवर जाते आणि हिच्या पायावर घालते.

"तू तिरंदाज आहेस, तुला बाळ कुठून आलं?"

"आजच झालं!"

तिने दोरीवरचा टॉवेल खसकन ओढला, त्याची गुंडाळी केली आणि चक्क माझ्या मांडीत ठेवली. वर मला दम... नीट धर, मान सांभाळ त्याची. इम्रान पोट धरून हसत होता. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात भाभी उठली. मला वाटलं, झालं... आता बाळाला घेऊन आत जाणार.

ती माझ्यासमोर येऊन बसली. टॉवेल माझ्या मांडीतून काढला आणि तिथे झोयाला ठेवलं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ये लो. टॉवेल इधर दो, झोया का है वो."

बस्स, एवढंच. सॉरी नाही, काही नाही... टॉवेल झटकून पुन्हा दोरीवर टाकला आणि परत तांदूळ निवडायला बसली. नजर मात्र तांदळापेक्षा झोयाकडेच जास्त होती. झोयाने माझी ओढणी मुठीत धरली ती सोडेचना. आतून अम्मीची तौबाही एकदम थांबली होती.

झोया आता नाशिकला शिकते. आईशी भांडली की पहिला फोन मला... आणि भाभी कुरकुरते, तुम्हीच लाडावलंय हिला. हे ऐकायला मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू!

भाभी, तुम्ही घाबरत होतात आणि तरी उठून आलात. मी ते कधी विसरणार नाही.

आणि सुगंधा, तू बहुतेक विसरलीही असशील... तुझ्यासाठी तो खेळच होता. पण त्या दिवसापासून मी माझ्याच घरातल्या कुठल्याही खोलीत बिनधास्त जायला लागले गं. थँक्यू.