मंडळीचं पत्र नेताना

टेम्पो दारात घरघरत होता, सासूबाई टाळांची पिशवी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, आणि मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून माझ्या वडिलांशी, दादांशी, भांडत होते. पंधरा वर्षं झाली त्याला. मला गावातच दिलेली. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक बोळ, आणि बोळाच्या टोकाला आमचं चर्च. प्रकाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तळोज्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि तो पुढे जाऊन करंजाड्यात भाड्याची खोली बघून ठेवून आला होता. सगळं सामान चढलं होतं. राहिलं होतं ते एक पत्र, आणि ते दादा देत नव्हते.

आमच्यातलं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ख्रिस्ती कुटुंब गाव सोडून निघालं की जुन्या मंडळीकडून, म्हणजे गावच्या चर्चकडून, पत्र घेतं. हे कुटुंब आमचं आहे, आता तुमच्याकडे येतंय, त्यांना प्रभूमध्ये स्वीकारा, असा मजकूर असतो. ते पत्र नव्या ठिकाणी दिलं की इकडच्या वहीतून नाव कमी होतं आणि तिकडच्या वहीत चढतं. आमच्या मंडळीची वही दादांकडे. सेक्रेटरी ते, आणि माझे वडीलही तेच. दोऱ्या नीट बांधल्यात का ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "सामान ने. नाव राहू दे." मी चिडले, पण खरं सांगू, मनातून बरंही वाटलं. सगळंच काही उचलून नेत नाही आपण, असं.

पनवेलला आल्यावर पहिली दोन वर्षं मी नुसती नाक मुरडत होते. तेव्हा करंजाडे म्हणजे अर्धे टॉवर आणि अर्धा चिखल. आमच्याकडची कोरडी हवा सोडून हा घाम, ही खाडीकडून येणारी ओल, पापडसुद्धा वाळेना मेला. मग हळूहळू रुळले. न्यू पनवेलच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत मराठी शिकवायला लागले. आठवड्याला चार पिरियड, आणि मुलं विचारतात, टीचर, जोंधळा म्हणजे व्हॉट? लोन काढून टू बीएचके घेतला. आता मीसुद्धा 'पार्किंग', 'मेंटेनन्स', 'सोसायटीची एजीएम' असं बोलते आणि गावाला फोन लावला की पुन्हा 'काय चाललंय वं' वर येते.

रविवारी सकाळी सातला आमची मराठी उपासना. चर्चची इमारत एकच, त्यात मल्याळी मंडळी, इंग्लिश सर्व्हिस आणि आम्ही, असे आळीपाळीने. आम्ही सगळ्यात आधी, कारण आम्हाला उठायची सवय. गावाकडे सतरंजी, इकडे बाकं, पण भजन तेच. सासूबाई टाळ घेऊन पहिल्या बाकावर. बुलढाण्याचे, जालन्याचे, नगरचे, सोलापूरचे, सगळे कुठून कुठून येऊन तिथं एका सुरात गातात, आणि दीड तास कोणाला आपण कुठल्या सेक्टरात राहतो ते आठवत नाही. बाकं भरून लोक बाहेर चपलांजवळ उभे असतात.

आणि तरीही गेल्या वर्षी नोटीस लागली. तरुण मुलांना इंग्लिश बरं वाटतं, वेळ पुरत नाही, गाड्या लावायला जागा नाही, म्हणून ज्या उपासनेच्या वहीत पंचवीस कुटुंबं नाहीत ती कंबाइंड सर्व्हिसमध्ये घालायची, असं ठरलं. कोणी दुष्ट नव्हतं हो त्यात. नियम सगळ्यांना सारखा होता. आमचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, वही घेऊन बसले आणि मोजल्यावर त्यांचा चेहराच उतरला. भरलेल्या चर्चमध्ये सभासद कुटुंबं बावीस. बाकीच्यांची नावं आपापल्या गावाला! म्हणजे चौदा वर्षं मी समजत होते की हट्टी बाप फक्त मलाच मिळालाय.

त्यातच ट्रायल म्हणून तीन रविवार कंबाइंड ठेवले, त्यातल्या पहिल्याला आम्ही गेलो. स्क्रीनवर गाणी, गिटार, ड्रम, पोरं छान गात होती, खोटं कशाला बोलू. मध्ये एक मराठी कडवं होतं, ते रोमन लिपीत. सासूबाईंनी टाळांची पिशवी उघडलीच नाही. परत येताना रिक्षात मी विचारलं, आई, कसं वाटलं? त्यांनी पिशवीची गाठ आणखी घट्ट केली. मग म्हणाल्या, "देवाला कळलं असेल गं. मला नाही कळलं." पुढचे दोन रविवार त्यांचे गुडघे दुखले. गुडघे त्यांचे वीस वर्षं दुखतायत, उपासना कधी चुकली नव्हती.

तीन कुटुंबं हवी होती आणि मुदत महिन्याची. जालन्याच्या एका कुटुंबाने पत्र आणलं, सोलापूरच्या एकाने आणलं. उरलेल्यांपैकी कोणाचं गावचं चर्च पडलेलं, कोणाचे पाळक फोन उचलेनात, कोणाच्या भावाभावांत वाद. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. सेक्रेटरीची मुलगी ना! एका कागदाचं काम, काय अवघड आहे?

अवघड काय होतं ते मला एकटीला माहीत होतं. गावाकडेही नियम होता. पंधरा कुटुंबं असतील तर मंडळीला स्वतःचे पाळक, राहायला बंगली, दर रविवारी उपदेश. चौदा झाली की पाळक दुसरीकडे, आणि चार गावांत मिळून एक जण महिन्यातून एकदा येणार. आणि आमच्या गावच्या वहीत बरोब्बर पंधरा होती. इकडे आड, तिकडे विहीर. प्रकाश म्हणाला, तुझं माहेर, तूच ठरव. नवऱ्यांना ऐन वेळी असा समजूतदारपणा कुठून सुचतो देव जाणे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आगरी काकू राहतात. त्यांचं गाव विमानतळात गेलं. समुद्रकाठच्या करंज्याला बहिणीकडे गेल्या की सुकट घेऊन येतात आणि माझ्याकडे द्यायला म्हणून येऊन तासभर बसतात. त्यांना मी हे सगळं सांगून टाकलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्या म्हणाल्या, "आमचा गाव इमानतलान गेला, पन देव आमी मागं नाय ठेवला. पयला त्याला आनला, मंग आमी आलो." मी म्हटलं, काकू, आमचा देव येतो हो, आमचे वडील येत नाहीत. हसलो दोघी. त्या गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून रडले.

शनिवारी एसटीने गावाला गेले. दादांना कळलंच असणार, कारण मी काही सण नसताना एकटी कधी येत नाही. चहा होईपर्यंत पाऊसपाणी बोललो. मग मी सगळं सांगितलं, सासूबाईंचंही सांगितलं. माझा आवाज चढला तसा त्यांचा उतरत गेला. मी म्हणाले, तुम्हीच चला ना पनवेलला. ते म्हणाले, तुझी आई इथं मातीत आहे, मी कुठं येऊ? मग उठून त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांना दाणे टाकले.

"माझं वय चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "माझ्या मातीला पाळक उभा असावा. एवढंच मागतोय मी. तुझ्या आईच्या वेळी होता."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सासूबाईंना जिवंतपणी गाता यावं म्हणून मी वडिलांचं मरण अवघड करत होते. सकाळी पत्राचा विषय न काढता परत जायचं, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. आमच्याकडे त्या दिवशी प्रभुभोजनाच्या आधी वही वाचतात. कुटुंबप्रमुखाचं नाव घ्यायचं आणि घरातल्या कोणीतरी 'हजर' म्हणायचं. कोणी गावाला गेलं असेल तर त्याचे नातेवाईक म्हणतात. लहानपणापासून ऐकत आलेय, त्यात मला कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. त्या दिवशी सतरंजीवर आम्ही अकरा जण होतो. दादा एकेक नाव वाचत होते आणि मी मोजायला लागले. पहिलं कुटुंब चाकणला. त्यांच्या चुलतीने 'हजर' म्हटलं. दुसरं पुण्याला. 'हजर'. तिसरं सुरतेला. 'हजर'. पंधरातली पाच घरं गावात, बाकी सगळ्यांच्या नावाने कोणी ना कोणी ओ देत होतं. आणि मग दादांनी प्रकाशचं नाव वाचलं आणि त्याच दमात, मान वर न करता, स्वतःच म्हणाले, "हजर."

मी समोर बसले होते. मला तोंड उघडायलाही वेळ दिला नाही त्यांनी. चौदा वर्षांची सवय. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, परत लावला. पुढचं नाव त्यांना लवकर सापडेना.

आपण सगळे काय करून बसलो होतो! प्रेमापोटी केलं हो, पण देवाच्या घरात बसून दर महिन्याला आपण सगळे मिळून खोटं बोलत होतो. इकडे नावं होती आणि माणसं नव्हती, तिकडे माणसं होती आणि नावं नव्हती. मला राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना.

उपासना सुटल्यावर दादा पाळकसाहेबांना घेऊन टेबलाशी बसले. मी काही मागितलं नव्हतं. त्यांनी छापील कागद काढला आणि त्यांच्या मास्तरी अक्षरात लिहिलं, सदर कुटुंब आमच्या मंडळीचे विश्वासू सभासद असून आम्ही त्यांना दुःखाने परंतु प्रार्थनापूर्वक आपल्या हाती सोपवीत आहोत. त्या तरुण पाळकसाहेबांना त्या सहीचा अर्थ चांगलाच कळत होता. त्यांची दोन लेकरं गावच्या शाळेत होती. तरी त्यांनी सही केली. दादांनी शिक्का मारला, पत्र दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, एसटी चुकेल. स्टँडवर ते आले नाहीत.

पनवेलला वही पंचवीसवर गेली. आमची मराठी उपासना सातची सातला राहिली. आम्हाला पुढे बोलावून नवीन सभासद म्हणून सगळ्यांनी हात मिळवले. चौदा वर्षं ज्यांच्यासोबत डबे खाल्ले तेच लोक गंभीर चेहऱ्याने 'स्वागत आहे' म्हणत होते. सासूबाईंचे गुडघे बरे झाले. जूनमध्ये गावच्या पाळकसाहेबांची बदली झाली आणि बंगलीला कुलूप लागलं. दादा फोनवर 'बरं आहे'च्या पुढे जाईनात. मी काही विचारलं की म्हणायचे, तुझा शाळेचा टाइम झाला असेल.

नाताळला आम्ही सगळे गेलो. सणाला महिन्याचे पाळक दुसऱ्या गावाला, म्हणून उपासना दादाच चालवत होते. गायन झालं, वाचन झालं. मग त्यांनी वही पुढे ओढली, पेन उघडलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, बाहेरच्या मंडळीचे कोणी पाहुणे असतील त्यांनी उभं राहून नाव आणि मंडळी सांगावी. कोणी उठेना. प्रकाश सतरंजीचे दोरे बघत होता. सासूबाईंनी माझा हात धरला, पण मला उठवायला की बसवायला ते मला आजही सांगता येणार नाही. दादा वहीतून मान वर काढत नव्हते, आणि पेन तसंच उघडं होतं. ज्या ठिकाणी माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, जिथून आईला नेली, तिथं मी उभी राहिले.

"रेखा प्रकाश साळवे," मी म्हणाले. "पनवेल मराठी मंडळी."

त्यांनी लिहून घेतलं. मग पाहुण्यांना सांगतात तसं मला सांगितलं, "तुमच्या मंडळीला आमच्या मंडळीचा सलाम कळवा, बाई." माझे वडील मला अहो-जाहो करत होते. मी 'कळवते' म्हणाले आणि खाली बसले, आणि बाकीची उपासना मला ऐकू आली नाही.

तुम्ही जे मागे राहिलात, तुम्ही म्हणाल हिने मंडळी मोडली. म्हणा. मला तो आरोप नाकारता येत नाही. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात आणि नाव मात्र गावाला ठेवून आलात, तुम्हाला एवढंच सांगते की आपल्या नावाने तिकडे कोणीतरी म्हातारं माणूस ओ देतंय. ते थकेपर्यंत वाट बघू नका. मला घर विचाराल तर करंजाडेच सांगेन आता, आधार कार्डावरही तेच आहे. पण पाहुणी म्हणून उभं राहणं जिथे जड जातं ते घर कुठलं, हे सांगायला मला कागद लागत नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसले. पान जुळवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या पाळकांना विचारून ठेव. माझ्या मातीला येतील का."

पुढच्याच रविवारी मी पनवेलला सलाम कळवला, आणि उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना दारातच गाठलं. ते म्हणाले, अख्ख्या दिवसाचा रस्ता आहे, पण येईन, एकटा नाही, मंडळी घेऊन येईन. चपला घालण्याआधी मी गावाला फोन लावला. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग सावकाश येऊ दे त्यांना," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."