कोलेस्ट्रॉल उतरलं आणि माझी झोप उडाली

मंगलताईंनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर रिपोर्ट. "बघा मॅडम. आता पास झालो का नाय?"

रिपोर्टमध्ये त्यांच्या नवऱ्याचं, दत्ताभाऊंचं, कोलेस्ट्रॉल चांगलंच खाली आलं होतं. दत्ताभाऊ वाळूजला एका कंपनीत फिटर. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, म्हणून आमच्या उस्मानपुऱ्यातल्या सेंटरवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी किडनीची डॉक्टर, या सेंटरवर नुकतीच रुजू झाले होते. मंगलताई स्वतःची किडनी द्यायला तयार होत्या. बाकी तपासण्या जुळल्या होत्या, गाडी अडली होती एका सहीवर. ट्रान्सप्लांटच्या आधी कार्डिऑलॉजिस्टनं 'हार्ट फिट' असं लिहून द्यावं लागतं. त्यानं मागच्या खेपेला इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि पंपिंग कमी आहे म्हणून सही दिली नाही. उठता उठता एवढंच म्हणाला, "कोलेस्ट्रॉल सांभाळा." डॉक्टर उठता उठता जे बोलतो तेवढंच पेशंटच्या घरी पोचतं. बाकीचं सगळं लिफ्टमध्येच राहतं.

"पेढा घ्या की मॅडम."

मला पेढा सुचेना. दत्ताभाऊंना कोलेस्ट्रॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, चालू नव्हती. मग उतरलं कसं?

तुमच्याआमच्या शरीरात कोलेस्ट्रॉल कमी झालं तर चांगलंच. डायलिसिसवरच्या माणसाचं गणित वेगळं असतं. त्याचं कोलेस्ट्रॉल गोळीशिवाय घसरायला लागलं, तर बऱ्याचदा अर्थ असा निघतो की शरीर उपाशी आहे किंवा आतून कुठंतरी सूज, इन्फेक्शन धुमसतंय. त्याच रिपोर्टमध्ये खाली अल्ब्युमिनही कमी होतं. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन. त्याच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. माणूस उपाशी असेल तर वजन उतरायला पाहिजे. दत्ताभाऊंचं वजन प्रत्येक डायलिसिसनंतर जिथल्या तिथं. माझा नवरा म्हणतो, माझ्या पायाला भिंगरी आहे. त्या दिवशी ती जास्तच फिरत होती. केबिनमधून उठले आणि तडक दत्ताभाऊंच्या बेडपाशी गेले. मंगलताई मागोमाग आल्या.

मशीन चालू होतं. दत्ताभाऊंच्या मोकळ्या हाताच्या दंडावर दर्ग्यातून आणलेला ताईत होता, तो पार कोपरापर्यंत घसरला होता. दंडात मांस उरलंच नव्हतं. पायावर बोट दाबलं तर मात्र खड्डा पडला.

"जेवता काय?"

उत्तर मंगलताईंनी दिलं. "सगळं बंद केलंय मॅडम. तेलाचा थेंब नाय घरात. डाळ नाय, अंडं नाय. भाकर आन् उकडलेला भोपळा. लई कडक परहेज हाय."

"डाळ कुणी बंद केली?"

"डॉक्टरांनीच की. डायलिसिसच्या आधी."

हे खरं होतं. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी आम्हीच सांगतो, प्रोटीन कमी खा. सुरू झालं की आम्हीच सांगतो, आता वाढवा, कारण मशीनमधून थोडं वाहून जातं. ही पलटी घरी कुणाच्या गळी उतरत नाही. त्यात हे कोलेस्ट्रॉल.

"दत्ताभाऊ, रात्री झोप लागते?"

"लागती."

"आडवं पडून?"

त्यांनी बायकोकडं बघितलं, मग छताकडं. "भिताडाला टेकून. आडवं पडलं की दम कोंडतो."

"मला तर ॲसिडिटी म्हणले," मंगलताई हळूच म्हणाल्या.

"आणि मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हार्टमधी नापास केलं असतं," दत्ताभाऊ म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "मग मेल्यावर पास होणार होतात काय?" असं तोंडातून गेलंच. मंगलताईंनी पदर डोळ्याला लावला. पण आता सगळा उलगडा झाला होता.

ड्राय वेट म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावर माणसाचं जे वजन उरतं ते. लघवी बंद झालेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं आणि मशीन ते काढतं. किती काढायचं, हे ड्राय वेटवरून ठरतं. दत्ताभाऊंचं ड्राय वेट ते धडधाकट असताना ठरलेलं. पुढं मांस झडत गेलं आणि मशीन आपलं जुन्या वजनापाशी थांबत राहिलं. झडलेल्या मांसाच्या जागी तेवढंच पाणी अंगात राहू लागलं. पायावरचा खड्डा त्याचाच, आणि आडवं पडल्यावर कोंडणारा दमही त्याचाच. काटा खूश, घरचे खूश, आणि हृदय बिचारं ते पाणी उपसून दमलं होतं.

मी तिथूनच कार्डिऑलॉजिस्टला फोन लावला. माझा बॅचमेटच तो.

"कोलेस्ट्रॉल छान आलंय म्हणे," तो म्हणाला. "तरी स्टॅटिन सुरू करायची का?"

"आधीपासून चालू असती तर बंद केली नसती. डायलिसिसवर असताना नव्यानं सुरू करून फारसा फायदा दिसत नाही. याचं दुखणं पाण्याचं आहे."

"पंपिंग कमी आहे, हे मी डोळ्यांनी बघितलंय."

"पाण्यानं भरलेलं असताना बघितलंस. मी पाणी काढते, मग परत बघ."

"आणि तरी कमीच आलं तर?"

"तर मंगलताईंना तू सांग. मी नाही सांगणार."

आम्ही ड्राय वेट थोडं थोडं खाली आणायला लागलो. एकदम ओढलं तर बीपी पडतं, पायात गोळे येतात. दत्ताभाऊंना आलेच. दर डायलिसिसला मी ओपीडी सोडून मशीनपाशी घिरट्या घालायचे, शेवटी सिस्टर म्हणाली, मॅडम, तुम्ही बसा, तुमच्याकडं बघून पेशंटचं बीपी वाढतंय. घरी मीठ आणि पाणी कमी, डाळ परत सुरू, रोज अंड्याचा पांढरा भाग. मंगलताईंना यातलं काही पटत नव्हतं. काट्यावर वजन उतरताना बघून त्यांचा जीव खालीवर होई.

"मॅडम, माणूस वाळत चाललाय हो."

"वाळत नाही, निथळतोय. थोडं थांबा."

थांबा म्हणणं सोपं. मला स्वतःला कुठं थांबवत होतं! हृदय खरंच खराब झालेलं निघालं तर त्या बाईची किडनी तिच्यापाशीच राहणार होती.

दत्ताभाऊ एकदाचे आडवे झोपायला लागले. मग परत इको झाला, आणि फोन आला. "पंपिंग सुधारलंय. सही पाठवतो." एवढंच. मी फोन ठेवला आणि केबिनचं दार लावून रडले. खोटं कशाला सांगू?

ट्रान्सप्लांट झालं. मंगलताईंची किडनी पहिल्या दिवसापासून चालली. काही महिन्यांनी दोघं फॉलोअपला आले, दत्ताभाऊ चांगले भरलेले, आणि रिपोर्टमध्ये कोलेस्ट्रॉल भरपूर वाढलेलं. ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळ्यांनी ते वाढतं, आणि आता मात्र त्याच्याकडं बघावंच लागतं. मी स्टॅटिन लिहून दिली आणि म्हणाले, "तळलेलं बंद. तेल कमी करा."

मंगलताई माझ्याकडं बघतच राहिल्या. "मॅडम, तुम्ही एकदा काय ते ठरवा बरं."

तेव्हापासून मी डायलिसिसच्या पेशंटचा रिपोर्ट उघडायच्या आधी विचारते, रात्री दम लागतो का? विचारायच्या आधी सांगूनही ठेवते, की इथं कुणाला नापास करत नाहीत. तरी निम्मे लोक खोटंच बोलतात.