मधला कागद आणि फौजदार

फटफटीचा आवाज आला की अजून मी दचकतो. कुणाचीही असो, दूधवाल्याची का असेना. मी खुर्चीतून अर्धा उठतो, टेबलावर काय काय उघडं पडलंय ते बघतो, आणि आवाज पौडच्या दिशेनं विरून गेला की परत बसतो. बायको म्हणते, "एवढा बाप्या माणूस आणि सायलेन्सरला घाबरतो." तिला बोलायला काय जातं? त्या रविवारी ती खाली घरमालकिणीच्या ओट्यावर बसली होती. वर मी होतो, फौजदारांसमोर, एकटा.

आधी धंदा सांगतो, म्हणजे भीती कळेल. आम्ही चित्रकथांबद्दलचं मासिक काढतो. चित्रकथा काढत नाही, चित्रकथांबद्दल काढतो. हा फरक मी लग्नाच्या पंगतीपासून बँकेच्या खिडकीपर्यंत सगळीकडे समजावून सांगितला आहे, आणि ऐकून घेतल्यावर प्रत्येकानं एकच विचारलं आहे, "म्हणजे लहान मुलांचंच ना?" मी हो म्हणून टाकतो.

आमचं कार्यालय पिरंगुटच्या पुढे, एका शेतकरी घराच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या. एकीत स्कॅनर आणि मी, दुसरीत न खपलेले अंक. खाली घरमालकीण राहतात, त्यांना आम्ही मावशी म्हणतो. सहसंपादक म्हणजे माझी बायको. ती आठवडाभर हिंजवडीत कंपनीचं काम करते आणि शनिवार-रविवार मला कामाला लावते.

जुन्या चित्रकथा आमच्या मालकीच्या फारशा नाहीत. त्या संग्राहकांकडून उसन्या आणायच्या, स्कॅन करायच्या, त्यांच्यावर लेख लिहायचे आणि वस्तू होती तशी परत करायची. या उसनवारीचा एकच नियम आहे. घेताना देणाऱ्याच्या समोर पानं मोजायची. किती होती यावरून नंतर भांडण नको. हा नियम मीच केला आणि मी तो कधी मोडला नव्हता. फौजदार येईपर्यंत.

ते निवृत्त फौजदार. धरणाच्या पाण्याच्या कडेला एका गावात राहतात. त्यांच्याकडे जुन्या चित्रकथांच्या तीन ट्रंका आहेत हे आम्हाला कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागलो होतो. ते कुणालाच काही देत नसत. शेवटी म्हणाले, एक पुस्तक देतो, ते नीट परत आलं तर बाकीचं बघू. आमच्या हातातली सामग्री तर संपत आली होती. त्या ट्रंका उघडल्या तर मासिक चालणार होतं, नाहीतर दोन्ही खोल्यांना कुलूप लावून मी मावशींना किल्ल्या देणार होतो.

एके सकाळी ते फटफटीवरून आले. शर्टाच्या आत, छातीशी, खाकी पुडकं.

"हात धुतलं का?"

"धुतले, साहेब."

"दावा."

मी दाखवले. दोन्ही बाजूंनी. नखांसकट.

पुडक्याचं कापड त्यांच्या जुन्या वर्दीचं होतं, एका टोकाला बटणाचं काज शाबूत होतं. आत कडुनिंबाचा वाळका पाला आणि पाल्यात ते पुस्तक. कव्हरवर दाढीवाला दर्यावर्दी, तोंडात सुरी, मागे फुटकं जहाज. मला तर रडूच येणार होतं, इतकं सुंदर.

"बापानं पौडच्या बाजारातनं आणल्यालं," फौजदार म्हणाले. "रद्दीवाल्याकडनं. धा बदल्या झाल्या माझ्या, ह्ये कुटं सोडलं न्हाई. आता जर ह्येला काय झालं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. फौजदार लोक वाक्य पुरं करत नाहीत, समोरच्याकडून करून घेतात.

नियमाप्रमाणे मी पानाकडे अंगठा नेला. त्यांची एक भुवई वर गेली.

"मोजताय?"

"छे छे, साहेब!" मी म्हणालो, आणि अंगठा खिशात घातला.

शनिवारी बायकोनं स्कॅनिंगला घेतलं. पुस्तक पाठीवर दोन पिना मारलेलं. पिना गंजलेल्या, पानं सपाट होईनात, म्हणून तिनं चिमट्यानं त्या अलगद उघडल्या आणि कागद सुटे करून टेबलावर मांडले. खिडकी उघडी होती. पंखा चालू होता. या दोन गोष्टी मला पुढे फार छळणार होत्या.

"अरे, इकडे ये," ती म्हणाली. "हा बघ विहिरीत उलटा लटकलाय. हात बांधलेले, दोर पेटलाय, खाली मगर. आणि पुढच्या पानावर राजवाड्यात मांडी घालून जेवतोय."

"सुटला असेल पटकन."

"कव्हरवर बत्तीस पानं लिहिलंय. मोज."

मी मोजली. अठ्ठावीस. परत मोजली. अठ्ठावीसच. पिन मारलेल्या पुस्तकात अगदी मधला कागद सुटा झाला की चार पानं जातात, आणि तो मधला कागद आमच्या टेबलावर नव्हता. पुस्तक आलं तेव्हा तो होता की नव्हता, हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याला विचारायची माझी छाती नव्हती.

मी पंखा बंद केला. मग कपाट सरकवलं. मग न खपलेले अंक एकेक करून झटकले आणि शिंकून शिंकून बेजार झालो. शेवटी खाली पळालो. मावशी तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, वरून एखादा कागद उडून आला का हो? रंगीत. मगरीचा."

"मगरीचा?" त्यांचा हात सुपातच थांबला. "आवो, हितं सापांचा ताप कमी हाय व्हय, आन आता मगर?"

"चित्र, मावशी. चित्रातली मगर."

"न्हाई बा. म्हशीनं खाल्ला आसंल."

"म्हैस कागद खाते?"

"लगीनपत्रिका खाती. त्यो सोनेरी रंग लई आवडतूय तिला."

मी गोठ्यात गेलो. म्हैस रवंथ करत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, ती माझ्या तोंडाकडे. तिच्या जबड्यातून कुठे निळं किंवा हिरवं काही दिसतंय का, हे मी वाकून बघत होतो तेव्हा मागून मावशी म्हणाल्या, "आवो संपादक, तिला काय ईचारताय? चितराची पुस्तकं वाचून वाचून डोस्कं फिरलं का काय?"

मी वर गेलो आणि बायकोला हळूच म्हटलं, "आपल्या चित्रकाराकडून चार पानं काढून घेऊ या का? तशाच रंगात? जुन्या कागदावर?"

"तू फौजदाराला खोटा कागद देणार," ती म्हणाली. "ज्या माणसानं जन्मभर खोटे कागद पकडले, त्याला."

तेवढ्यात फौजदारांचाच फोन आला.

"संपादक, झालं का काम? उद्या येतो."

रविवारी फटफटी ऐकू आली तेव्हा बायको म्हणाली, "मी खाली थांबते. तुम्ही पुरुष-पुरुष बोला." असा विश्वासघात मी आमच्या कुठल्याही अंकात वाचलेला नाही. फटफटीचा आवाज आमच्या फाटकाशी बंद पडला, आणि जिन्यावर बूट वाजायला लागले.

फौजदार बसले. पिना आम्ही नव्या, न गंजणाऱ्या घातल्या होत्या, त्या त्यांनी बोटानं चाचपल्या आणि "बरंय" म्हणाले. मग एकेक पान उलटू लागले. मी उभाच. पाण्याचा तांब्या त्यांच्या कोपराशी ठेवला होता. जहाज फुटलं. दर्यावर्दी पकडला गेला. विहीर आली. दोर पेटला. मी डोळे मिटले.

पान उलटल्याचा आवाज आला. आणि पुढचं. आणि त्याच्या पुढचं.

मी एक डोळा उघडला. दर्यावर्दी राजवाड्यात जेवत होता आणि फौजदार त्याच्याकडे बघून मिशीत हसत होते. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं! गप्प राहिलो असतो तर पाच मिनिटांत ते खाली उतरले असते. पण भीती पोटात मावेनाशी झाली की ती तोंडावाटे बाहेर पडते. माझी पडली.

"साहेब, मधला कागद हरवला! चार पानं! आमच्याकडून! पंखा चालू होता! म्हैस पण..."

"कंचा कागद?"

"विहिरीनंतरचा. तो सुटतो ना, ती पानं."

मग त्यांनी पुस्तक मिटलं, कव्हर वाचलं, आणि पहिल्यापासून पानं मोजली. ओठ हलवत, सावकाश. विहिरीशी आले तेव्हा त्यांचं बोट थांबलं.

"हारवलं न्हाई," ते म्हणाले. "ह्ये आसंच हाय. पयल्यापासनं. मी ल्हान व्हतो तवापासनं विहिरीम्होरं जेवानच हाय."

मी सुटलो! मला त्या क्षणी मावशींच्या म्हशीला मिठी मारावीशी वाटली. पण समोर बघितलं आणि हसू आतच राहिलं. तो एवढा मोठा माणूस विहीर आणि जेवण या दोन पानांमधल्या फटीत बोट घालून बघत होता.

"म्हंजी... तो कसा सुटला, ते छापल्यालं व्हतं?"

"हो, साहेब. चार पानं."

"मला वाटायचं, ते सांगायचंच न्हाई आसं त्यांनी ठरीवलंय." त्यांनी तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. "ताम्हिणीच्या घाटात माझ्या अंगावर दरड आली व्हती. पाय दगडाखाली. हातात काठी न्हाई, काय न्हाई. वरनं माती गळतीया. तवा मला ह्योच आठवला. म्हणलं, ह्यो बी आसाच आडाकला व्हता. कसा सुटला कुणाला ठावं न्हाई, पर सुटला. मंग आपून बी सुटू. कसं, ते मागनं बघू."

"मग कसे सुटलात, साहेब?"

पहिल्यांदा त्यांची मिशी जराशी हलली. "ते बी छापल्यालं न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी पुस्तक पाल्यात घातलं, खाकीत गुंडाळलं, शर्टाच्या आत सरकवलं. दारात थांबले.

"ती पानं कुटं घावली तर मला दावू नका."

फटफटी गेली. बायको धावत वर आली. "ट्रंका?"

"विचारलंच नाही."

"त्यांनी?"

"त्यांनीही नाही."

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. दर संध्याकाळी मावशी खालून ओरडायच्या, "घावली का मगर?" आणि मगर घावली! बायकोनं आमच्या वाचकांच्या गटात पुस्तकाचं कव्हर टाकलं होतं. कोकणातल्या एका शिक्षिकेकडे तेच पुस्तक निघालं, कव्हर नसलेलं पण मधल्या कागदासकट. तिनं चारही पानं स्कॅन करून पाठवली. आम्ही दोघं पडद्यासमोर बसून ती वाचली. तो कसा सुटतो ते मी इथे सांगणार नाही. हे लिखाणही फौजदार वाचतील, आणि मला जीव प्यारा आहे.

"छापायची," बायको म्हणाली. "वाचकांनी काय पाप केलंय?"

"आणि ते?"

तिनं बराच वेळ पेन चावलं. मग अंकाची मांडणीच बदलली. विहिरीचं पान अलीकडे, जेवणाचं पलीकडे, आणि ती चार पानं आमच्या अंकाच्याही बरोबर मधल्या कागदावर आणली. एका प्रतीच्या पिना उघडायच्या, तो कागद काढायचा, पिना परत दाबायच्या, आणि ती प्रत फौजदारांना द्यायची. हे सगळं तिनं त्यांना फोनवर सांगूनही टाकलं, छापखान्याच्या पत्त्यासकट. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी चहा केला.

अंक तयार झाला त्या दिवशी मी पिरंगुटला छापखान्यात गेलो. तिथे एरवी कारखान्यांच्या खोक्यांची लेबलं छापतात, मधूनमधून आमचं मासिक. यंत्राच्या धडधडीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबलो. गठ्ठ्याशी फौजदार उभे होते, आणि वरचा अंक त्यांच्या हातात होता. मधला कागद असलेला.

"साहेब, उघडू नका!"

असा आवाज मी शाळेच्या नाटकातही काढला नव्हता. यंत्रावरचा माणूस दचकून दोन पावलं मागे सरला, त्याला वाटलं बॉम्बच आहे. फौजदारांनी अंक मिटलेलाच धरला आणि हात लांब केला, जसं काही त्यातून मगरच बाहेर येणार होती.

"काडला न्हाई आजून?"

"आत्ता काढतो."

"काडा. मी तिकडं बघत न्हाई."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. उंचापुरा माणूस, हात मागे बांधलेले, समोर भिंतीवर लेबलांचे नमुने. मी जमिनीवर उकिडवा बसलो आणि चिमट्यानं पिना उचकटायला लागलो. घाईत एक पिन बोटात घुसली. कागद सुटला. मी त्याची घडी करून शर्टाच्या आत घातली.

"संपादक," ते भिंतीलाच म्हणाले. "येक सांगा." भिंतीवरचं एक सुटलेलं लेबल त्यांनी बोटानं दाबून बसवलं. "सुटतो न्हवं?"

त्यांना माहीत होतं. पुढच्या पानावर तो जेवतोय, हे ते लहानपणापासून बघत आले होते. तरी विचारत होते.

"सुटतो, साहेब."

त्यांनी मान हलवली, वळले, अंक घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या मधोमध उघडला. विहीर. पुढे जेवण. मग शर्टात हात घालून एक खाकी पुडकं काढलं. या कापडाला खिसाही होता.

"हात धुतलं का?"

मी रक्ताचं बोट पाठीमागे लपवलं. "धुतो, साहेब."

"पयल्या ट्रंकेतलं पयलं. ह्ये बी त्याच रद्दीवाल्याचं." त्यांनी पुडकं माझ्या हातात दिलं, पण सोडलं मात्र नाही. "ह्येची पानं मोजून घ्या. माझ्या म्होरं नगं, मी गेल्यावर. आन किती निगाली, ते मला सांगू नका."